महादईच्या उगमाकडची बेटे



दिवाड आणि चोडण ही नावे मी तुम्हाला सांगावीत असे नाही. फेरीबोट बंद पडली म्हणजे काय होते, शाळेची पोरे धक्क्यावर कशी ताटकळतात, दुखणेकऱ्याला घेऊन रात्रीच्या वेळी होडी कशी शोधावी लागते, खाजनाचा बांध फुटून खारे पाणी भातात शिरले की घरात कशी चूल थंड होते, हे तुम्ही भोगलेले आहे. म्हणूनच आज ज्या बेटांविषयी बोलायला मी आलो आहे, त्यांचे दुःख तुम्हाला फोड करून सांगावे लागणार नाही.

ही बेटे नकाशावर बेटे म्हणून दाखवलेली नाहीत. त्यांच्याभोवती समुद्र नाही, खाडी नाही. भोवती आहे दाट रान आणि त्या रानातून धावणारे ओढे. बेळगाव जिल्ह्यातल्या खानापूर तालुक्यात, सह्याद्रीच्या माथ्यावर आमगाव, देगाव, गवाळी, पास्टोली, कोंगळा, मेंडील, कृष्णापूर, हेम्माडगा, तळेवाडी अशी ही गावे आहेत. माणसे मराठी. भात पिकवावे, नाचणी पिकवावी, चार म्हशी पाळाव्यात, असा संसार. उन्हाळ्यात ती इतर खेड्यांसारखीच खेडी असतात. मृग लागला, ओढे भरले, की त्यांची बेटे होतात आणि पाऊस ओसरेपर्यंत बेटेच राहतात.

पाऊस किती म्हणाल, तर आमगावात २०१० साली १०,०६८ मिलिमीटर पावसाची नोंद झाली. म्हणजे दहा मीटर! लोक त्याला कर्नाटकाचे चेरापुंजी म्हणतात. असे नाव मिळाल्याने वाट मात्र मिळत नाही.

आणि या पाण्याचे पुढे काय होते? देगावच्या रानात महादई उगम पावते. हीच महादई घाट उतरून सत्तरीत येते, पुढे मांडवी होते आणि दिवाड-चोडणला वेढा घालून पणजीपाशी समुद्राला मिळते. एकाच नदीच्या एका टोकाला तुमची बेटे, दुसऱ्या टोकाला आमची. तुमच्या टोकाला सरकारी फेरीबोट आहे. चोडणला तर २०२५ साली मोठी रो-रो बोटही आली. आमच्या टोकाला आहे सांकव.

सांकव हा शब्द तुमचाही आणि आमचाही. पण तुम्ही आता दगडी-सिमेंटी पुलालाही सांकव म्हणता. आमचा सांकव म्हणजे या काठच्या झाडापासून त्या काठच्या झाडापर्यंत टाकलेली लाकडे, वर बांबू, बांधायला वेली नाहीतर दोर. भांडुरा नाल्यावर गवाळी, पास्टोली, कोंगळ्याच्या लोकांची मदार अशाच सांकवावर. पावसाआधी गाव जमतो आणि श्रमदानाने तो बांधतो. मोठा लोंढा आला की तो जातो. मग पुन्हा बांधायचा. खाली पाणी खवळलेले, पायाखाली ओला बांबू, डोक्यावर रेशनचे पोते, अशी ती कसरत आहे. रेंज मिळावी म्हणून फोन घेऊन टेकडी चढणाऱ्या माणसाने दवाखान्याची गाडी बोलावली, तरी ती गाडी येणार नाल्याच्या पलीकडे.

२०२४ च्या जुलैत आमगावच्या एका आजारी बाईला गावकऱ्यांनी लाकडाच्या डोलीवर घालून, भर पावसात, चिखल तुडवीत रानाबाहेर आणले. ते चित्र वर्तमानपत्रांत आले तेव्हा बंगळूरलाही जाग आली. मंत्री बोलले, अधिकारी बोलले. काय बोलले? सांकवाच्या जागी पूल बांधू, असे नव्हे. गाव उठवू, असे.

हा भाग २०११ साली भीमगड अभयारण्य झाला. त्याच्या पोटात ही गावे आली. गावांनी अभयारण्यात घुसखोरी केलेली नाही. गावे होती तिथेच आहेत, अभयारण्य त्यांच्यावर येऊन बसले. आता बाहेर पडणाऱ्या कुटुंबाला १५ लाख रुपये देण्याची योजना आहे. तळेवाडीच्या २७ कुटुंबांना २०२५ च्या मे महिन्यात पहिल्या हप्त्याचे १० लाखांचे धनादेश मिळाले.

इथे मला अंमळ थांबून बोलले पाहिजे, कारण आमच्यातले काही लोक या योजनेला सरसकट शिव्या देतात. मी देत नाही. अस्वलाच्या भीतीने ज्याच्या पोराची शाळा सुटली, ज्याचे उभे भात गव्यांनी एका रात्रीत साफ केले, ज्याला सोयरीक करताना गावाचे नाव सांगायची चोरी, त्याने जावेसे वाटले तर का जाऊ नये? आणि रान राखले पाहिजे, हेही खरे. ते रान आहे म्हणून उन्हाळ्यात नदीला धार राहते, गोड्या पाण्याचा रेटा राहतो आणि खारे पाणी तुमच्या मानशीपर्यंतच थांबते. पण पूल नाकारून, रस्ता नाकारून माणसाला जेरीस आणायचे आणि मग त्याच्यापुढे धनादेश धरून विचारायचे, ‘बोल, राजीखुशीने जातोस ना?’ याला राजीखुशी म्हणत नाहीत.

कायदा काय सांगतो? २००६ च्या वनहक्क कायद्याने रानातल्या माणसाचा जमिनीवरचा हक्क मानला आहे. त्यात एक मेख आहे. जो अनुसूचित जमातीचा नाही, त्याला १३ डिसेंबर २००५ पूर्वीच्या तीन पिढ्यांचा, म्हणजे ७५ वर्षांचा रहिवास दाखवावा लागतो. कागद नसले म्हणून गडबडून जाऊ नये. जुनी विहीर, देवस्थान, मसणवट, शेताची ताल आणि गावातल्या म्हाताऱ्या माणसांचा जबाब हेही पुरावे आहेत, असे नियमात लिहिलेले आहे. याच कायद्यात गावाच्या शाळा, रस्ता, दवाखाना अशा कामांना ग्रामसभेच्या शिफारशीने दर कामामागे एक हेक्टरपर्यंत वनजमीन देण्याची सोय आहे. अभयारण्यात वन्यजीव कायद्याची परवानगी वेगळी लागते, ती मागावी लागेल. पण रानात काहीच करता येत नाही, असे कोणी साहेब म्हणाला तर त्याला हे कलम दाखवा, असे मी आमच्या लोकांना सांगत असतो.

म्हणून आमचे म्हणणे एवढेच. आधी हक्काची नोंद, आधी सांकवाच्या जागी चालता येईल असा पूल, मग निघण्याची बोलणी. आणि बोलणी करताना एकेका घराने विचारावे : तीन भावांच्या घरात कुटुंब एक धरणार की तीन? पैशाबरोबर कसायला जमीन मिळणार की नाही? कुर्डीची गोष्ट तुमच्या घरची आहे. साळावली धरणासाठी ती माणसे उठून वाडे-वालकिणीला गेली. दक्षिण गोव्याला पाणी मिळाले आणि त्याच माणसांवर पाण्यासाठी तक्रार करण्याची पाळी आली. दर मे महिन्यात धरणाचे पाणी ओसरले की आपल्या जुन्या देवळाचे जोते पाहायला ती जातात.

पाण्याचा निवाडा १४ ऑगस्ट २०१८ रोजी झाला. गोव्याला २४ टीएमसी, कर्नाटकाला १३.४२, महाराष्ट्राला १.३३. कर्नाटकाच्या वाट्यात ३.९ टीएमसी मलप्रभेकडे वळवायला आणि खोऱ्यातल्या लोकांच्या गरजेसाठी १.५. तुम्ही त्या ३.९ साठी भांडता, ते बरोबर आहे. माझी विनंती आहे की त्या दीड टीएमसीचीही आठवण ठेवा. ते पाणी ज्यांच्या नावावर लिहिले, ती माणसे हीच आहेत. उद्या ती उठली तर ते कोणाच्या नावावर जाईल?

विलीनीकरणाचा प्रश्न गोव्यापुरता १६ जानेवारी १९६७ च्या कौलाने निकालात निघाला. त्याच साली महाजन आयोगाने खानापूर, नंदगड आणि निपाणी महाराष्ट्रात जावे असे लिहिले, तरी अहवाल तसाच राहिला, आणि २००४ पासून आमचा दावा सर्वोच्च न्यायालयात आहे. ते सारे मी आज उगाळत नाही. कोर्टाचा निकाल लागेल तेव्हा लागेल. नाला दर जूनला भरतो.

पूल होईपर्यंत सांकव बांधावाच लागणार. त्याला लाकूड, बांबू, दोर आणि हात लागतात. लाकूड-बांबू आणि वनखात्याची परवानगी आम्ही बघतो. पण आमच्या दोराची गाठ पहिल्याच लोंढ्याला सुटते, आणि मच्छीमार बंधूंना गाठ कशी मारावी हे शिकवावे लागत नाही. मे संपायच्या आत चार जण या. भाकरी आणि झोपायला पडवी आमच्याकडे आहे.