सेवेची तयारी कशी होते?



ख्रिस्ती मंडळींत एक बोलणं नेहमी कानावर येतं, 'अमकीला सेवेसाठी तयार केलं'. सेवा या शब्दात त्यांच्याकडे दोन गोष्टी येतात. येशूची गोष्ट लोकांना सांगायची, आणि आजारी, अनाथ, टाकून दिलेल्या माणसांचं करायचं. पण तयार करतात म्हणजे काय करतात? आपल्याला वाटतं, वर्गात बसवत असतील, शास्त्र पाठ करून घेत असतील, मग सर्टिफिकेट देऊन पाठवत असतील. तशा शिक्षणाच्या संस्था आहेतच, आपल्या पुण्यातही आहेत. मला मात्र आज केडगावबद्दल बोलायचंय. नगरजवळचं केडगाव नव्हे, पुणे-सोलापूर रेल्वेवरचं, दौंड तालुक्यातलं.

तिथलं मुक्ती मिशन पंडिता रमाबाईंनी उभं केलं. रमाबाईंचं नाव तुम्ही शाळेच्या पुस्तकात वाचलं असेल. जन्म 1858 चा. आईनं त्यांना संस्कृत शिकवलं, त्या काळात मुलीला! आई, वडील आणि बहीण दुष्काळाच्या दिवसांत गेली. पुढे भाऊ गेला, मग नवरा गेला, आणि तेविसाव्या-चोविसाव्या वर्षी पदरात एक लहान मुलगी घेऊन ही बाई उभी होती.

1883 साली त्या इंग्लंडला गेल्या. तिथं एक गोष्ट बघून त्या थक्क झाल्या. ज्या बायकांना समाजानं वाईट चालीच्या म्हणून हाकलून दिलेलं, त्यांना लंडनमध्ये फुलहॅम इथल्या ख्रिस्ती जोगिणी पोटच्या पोरीसारखं जवळ घेत होत्या. आजारपण काढत होत्या, काम शिकवत होत्या. रमाबाईंनी विचारलं, हे तुम्ही का करता? तेव्हा त्यांना विहिरीवर पाणी भरायला आलेल्या शोमरोनी बाईची गोष्ट सांगण्यात आली. ती बाईही गावानं नाव ठेवलेली, आणि येशू तिच्याशी मान देऊन बोलला. त्याच वर्षी रमाबाईंनी बाप्तिस्मा घेतला.

आता इथं थोडं थांबूया. आपण म्हणू, बाप्तिस्मा झाला, म्हणजे बाई तयार झाली. रमाबाईंनी स्वतः लिहून ठेवलंय की तसं नव्हतं. ख्रिस्ती धर्म आपल्याला मिळाला होता, पण ख्रिस्त मिळाला नव्हता, आणि हे कळायला पुढे आठेक वर्षं गेली, असं त्यांचं सांगणं. आणि या मधल्या वर्षांत त्या काही हात बांधून बसल्या नव्हत्या. अमेरिकेत फिरल्या, पुस्तक लिहिलं, पैसा उभा केला, 1889 साली मुंबईत विधवांसाठी शारदा सदन काढलं, ते पुढच्या वर्षी पुण्याला नेलं. म्हणजे काम चालूच होतं आणि आतली तयारीही चालूच होती. आधी पूर्ण तयार व्हायचं आणि मग कामाला लागायचं, असा क्रम त्यांच्या आयुष्यात कुठं दिसत नाही. मला त्यांच्या सगळ्या चरित्रात ही गोष्ट फार मोलाची वाटते.

शारदा सदनात वादही झाला, तो झाकून ठेवण्यात अर्थ नाही. मुलींना धर्म शिकवणार नाही असं ठरलं होतं. पण रमाबाई आपल्या खोलीत दार उघडं ठेवून प्रार्थना करायच्या, आणि मुली येऊन बसू लागल्या. 1893 साली पुण्यात गहजब झाला, बऱ्याच पालकांनी मुली काढून नेल्या, न्यायमूर्ती रानड्यांसारखे सल्लागार बाजूला झाले. माझं मत विचाराल तर पालकांचा राग समजण्यासारखा होता. विश्वासानं पोर ठेवायची तर काय शिकवणार ते आधी कळायला हवं. पुढे केडगावला हा प्रश्न उरला नाही. ते उघड उघड ख्रिस्ती घर होतं.

केडगावची जमीन त्यांनी घेतली होती फळबागेसाठी. अमेरिकेतल्या लोकांनी मदत कबूल केली होती ती दहा वर्षांची. मुदत संपल्यावर खायचं काय, म्हणून बाग. आपल्या गटांतल्या बायकांना हा हिशेब लगेच कळेल. पण फळं हाती यायच्या आधीच 1896-97 चा दुष्काळ आला. रमाबाई मध्य प्रांतात गेल्या आणि तीनशेच्या आसपास मुली-बायका घेऊन आल्या. पुण्यात प्लेग, तिथं एवढी माणसं ठेवायची बंदी. मग केडगावच्या उघड्या रानावर तंबू आणि झोपड्या.

आलेल्या मुलींची अवस्था काय सांगावी! हाडांचे सापळे, अंगावर फोड, काहींना वाटेत माणसांनी नासवलेलं. त्यांच्यात अफवा अशी, की ही बाई आपल्याला खाऊ घालून लठ्ठ करणार, मग उलटं टांगून खाली जाळ करणार आणि आपलं तेल काढून विकणार. हसू नका. ज्या पोरीला महिनोन् महिने कुणी फुकट घास दिला नाही, तिला पुढ्यात वाढलेलं ताट बघून संशय येणारच.

अशा पोरीला कोण समजावणार? शिकलेली बाई चार चांगले शब्द सांगेल, पण त्या पोरीला ते पटायचे नाहीत. तिला पटतं ते आधी आलेल्या मुलीचं. 'मीही अशीच आले होते. मलाही वाटलं होतं तेल काढतील. बघ, दोन वर्षं झाली, अजून आहे.' 1900 च्या दुष्काळात गुजरातेतून शेकड्यांनी मुली आल्या आणि केडगावची वस्ती 2000 च्या घरात गेली, तेव्हा त्यांना न्हाऊ-माखू घालायला, त्यांची खरूज धुवायला, रात्री उशाशी बसायला आधीच्या दुष्काळातल्याच मुली होत्या. जी काल वाचली तिच्या हाती आज दुसरी दिली. केडगावची तयारी म्हणजे मुख्यतः हीच, असं मी समजते.

बाकी दिवसभर काम. शेती, गाईगुरं, तेलघाणा, हातमाग, शिवण, शाळा, दवाखाना. फुलहॅमला पाहिलेलं रमाबाई विसरल्या नव्हत्या. फसलेल्या बायकांसाठी त्यांनी कृपा सदन काढलं. मुलगी मनोरमाबाई अमेरिकेत शिकून आल्या आणि अंध बायकांना ब्रेल, म्हणजे बोटांनी चाचपून वाचायची लिपी, शिकवू लागल्या. आणि छापखाना! रमाबाईंनी हिब्रू आणि ग्रीक शिकून अख्खं बायबल साध्या मराठीत आणायचं काम हाती घेतलं. खिळे जुळवणं, छापणं, बांधणी, सगळं बायकांनी केलं. ज्या पोरींना आल्या दिवशी अक्षर ओळखीचं नव्हतं, त्यांच्यातल्या बाया टाईप जुळवत होत्या. उलटं अक्षर वाचत, एकेक काना-मात्रा तपासत ज्या बाईनं शास्त्राचं पान बसवलं, तिला ते पान वेगळं शिकवायला नको. रमाबाई 1922 साली गेल्या, पूर्ण ग्रंथ 1924 ला बाहेर आला.

या बायकांतल्या काही आजूबाजूच्या गावांत जाऊन येशूची गोष्ट सांगायच्या. त्यांना बायबलबाई म्हणत. लोक कधी ऐकत, कधी हाकलून देत.

केडगावहून फार लांब नाही, आपल्या नगर जिल्ह्यातल्या जामखेडला पुढे असंच काहीसं घडलं. डॉ. रजनीकांत आरोळे आणि डॉ. मेबल आरोळे, दोघं ख्रिस्ती, वेल्लोरच्या मिशन कॉलेजात डॉक्टर झालेले. वडाळ्याच्या मिशन दवाखान्यात काम करताना त्यांना दिसलं की बरा होऊन गेलेला रोगी तोच आजार घेऊन परत येतो. दवाखान्यात बसून हे संपणार नाही. मग ते पुन्हा शिकायला गेले, अमेरिकेत सार्वजनिक आरोग्य शिकले, आणि 1970 साली जामखेडला आले. सुरुवातीला त्यांनी शिकलेल्या नर्स गावात पाठवल्या. ते जमलं नाही. गावाला त्या परक्या आणि त्यांना गाव परकं. तेव्हा गावानंच आपली बाई निवडून द्यावी असं ठरलं. आलेल्या बहुतेक निरक्षर, कितीतरी दलित वस्तीतल्या, काही नवऱ्यानं टाकलेल्या. बहुतेक ख्रिस्ती नव्हत्या, आणि त्यांना ख्रिस्ती करावं म्हणून कुणी बोलावलंही नव्हतं. सेवा डॉक्टरांच्या श्रद्धेतून आली होती, अट म्हणून श्रद्धा मागितली नव्हती.

या बाया आठवड्याला जामखेडला यायच्या, एकत्र राहायच्या, एकत्र जेवायच्या. जातीचा विटाळ मानणाऱ्या घरांतल्यांना हे पहिल्यांदा किती जड गेलं असेल, ते तुम्हीच ताडा. थोडं शिकायचं: जुलाब झालेल्या लेकराला मीठ-साखरेचं पाणी कसं द्यायचं, बाळंतपणात हात का धुवायचे, पोराचं वजन कसं करायचं. गावात जाऊन ते करायचं. पुढच्या वेळी आल्या की आधी सांगायचं, काय केलं, कुणी ऐकलं नाही, कुठं अडलं. मगच पुढचा धडा. या कामासाठी 1979 साली आरोळे पतिपत्नींना मॅगसेसे पुरस्कार मिळाला, तोवर त्यातल्या कित्येक बाया सफाईनं बाळंतपणं करत होत्या, आणि गावात नव्यानं लग्न होऊन आलेल्या पोरींना तेच धडे सांगत होत्या.