काळू, मी आणि पाणंद

(माजी विद्यार्थी मेळाव्यात दुपारच्या सत्रात केलेले भाषण)



संयोजकांनी प्रत्येकाला दहा मिनिटे दिली आहेत आणि विषय दिला आहे, 'निवृत्तीनंतर मी काय करतो'. माझ्याआधी बोललेल्यांपैकी कोणी युरोप बघून आले, कोणी पेटी शिकतेय, एकाने तर शेततळे बांधले. मी कुत्रा फिरवते. हसून घ्या आत्ताच, पुढे फारसे हसण्यासारखे नाही.

आमचा काळू गावठी आहे, सहा वर्षांचा. निवृत्त होऊन आम्ही मुंबईहून ह्यांच्या गावी आलो तेव्हा ह्यांनी तो पिल्लू असताना उचलून आणला. त्याला फिरवायचे काम ह्यांचेच. घरामागून पाणंद निघते, दोन्ही बाजूंना चिऱ्यांचे गडगे, मध्ये काजूचा पातेरा, आणि वर चढले की सडा. दीड-दोन मैलांचा फेरा होतो. मी खळ्यात उभी राहून दोघांना जाताना बघायची. दोन वर्षांपूर्वी हे गेले. काळू रोज सकाळी साडेसहाला बेड्यापाशी जाऊन बसायचा आणि मागे वळून माझ्याकडे बघायचा.

मला सापाची भीती किती, हे माझ्या बाकावर बसणारीला विचारा. विज्ञानाच्या पुस्तकातले सापाचे पान तिने टाचणीने बंद करून दिले होते. प्रयोगशाळेच्या कपाटात फॉर्मॅलिनच्या बरणीत एक वेटोळे होते ते तुम्हा सगळ्यांना आठवत असेल. मी दोन वर्षे त्या कपाटाकडे पाठ करून बसले. सरांनी कधी हटकले नाही, हे त्यांचे उपकार. आणि कंपासपेटीतून कात आणणारे महाशय आज दुसऱ्या रांगेत बसले आहेत, त्यांना मी ओळखले आहे.

पण ही भीती पुस्तकातून आली नव्हती. आपण आठवीत असताना आमच्या वाडीतली एक मुलगी गेली, आपल्याच शाळेतली, दोन वर्षे पुढे. शाळा एक दिवस बंद होती, आठवतेय ना? पावसाळ्याचे दिवस, पडवीत जमिनीवर अंथरूण. पहाटे पोटात दुखते म्हणाली, मग तिच्या पापण्या खाली येऊ लागल्या, बोलणे जड झाले. कांडर चावली होती, ज्याला पुस्तकात मण्यार म्हणतात. तिचा दंश पुष्कळदा दुखतही नाही, सूज येत नाही, झोपलेल्या माणसाला कळतही नाही. घरच्यांनी मांत्रिक बोलावला. त्या काळी आमच्याकडून दवाखान्यात न्यायचे म्हणजे डोलीतून. मी तिच्या घराच्या पायरीवर उभी होते. त्यापुढे मला गवतात पडलेली दोरीसुद्धा सोसवेना.

तर आता काळूचे काय करायचे? मुलगा म्हणाला, "आई, तू पुण्याला ये, त्याला कोणाला तरी देऊन टाकू." शेजारच्या काकी म्हणाल्या, "बाय, सोड त्याला मोकळा, फिरेल त्याचा तो." मोकळा सोडला तर तो थेट गडग्यात तोंड घालणार. कुत्र्याला साप बहुतेक तोंडावर किंवा पुढच्या पायावर चावतो, कारण कुत्रा हुंगायला जातो. आणि पुण्याला गेले असते तर ह्यांनी लावलेली कलमे, विहीर, घर, सगळ्याला कुलूप. पाणंदीत पाऊल टाकता येत नाही म्हणून गाव सोडायचे, हे काही मनाला पटेना.

आपल्या वर्गातली एक जण पुढे मानसशास्त्राची प्राध्यापिका झाली. तिला फोन केला. तिने मला सुसान मिनेका यांचे प्रयोग सांगितले, १९८०च्या दशकातले. प्रयोगशाळेत वाढलेल्या माकडांना सापाची भीती नव्हती, पण रानात वाढलेली माकडे सापाला बघून घाबरताना त्यांनी पाहिली, आणि तीही घाबरायला लागली. म्हणजे ही भीती बघून लागते. "आणि लागलेली भीती पायरीपायरीने उतरवता येते," ती म्हणाली, "पण एकदम उडी मारायची नाही, आणि घाबरल्यावर पळून घरात जायचे नाही. तिथेच उभे राहायचे, धडधड कमी होईपर्यंत."

पहिले आठ दिवस मी फक्त बेड्यापर्यंत गेले. मग पहिल्या आंब्यापर्यंत. मग वळणापर्यंत. काळूला हे अजिबात पसंत नव्हते, तो बिचारा वळणाच्या पुढे मान लांब करून बघत राहायचा. सड्यावर पोचायला मला अडीच महिने लागले.

मधल्या काळात गावातल्या सर्पमित्राची ओळख झाली. मोबाइल दुरुस्तीचे दुकान आहे त्याचे. पूर्वी किरडू दिसले की काठ्या घेऊन धावायचे, आता ह्याला फोन करतात. वन्यजीव संरक्षण कायदा १९७२चा, पण वाडीत तो ह्या पोराच्या मोटारसायकलवरून पोचला. ब्रिटिश अमदानीत तर रत्नागिरी जिल्ह्यात फुरशी मारायला सरकारच बक्षीस द्यायचे. लाखांनी मारली, आणि फुरसे आजही सड्यावर दगडाखाली आहेच. मी त्या मुलाला म्हटले, "पकडलेस की मला दाखव, पण लांबून." पहिल्यांदा धामण होती, मी तीस पावलांवर. पुढच्या खेपेला वीस. एकदा नानेटी होती, तेव्हा आठ पावलांवर उभी राहिले आणि तिच्या पाठीवरचे पट्टे नीट बघितले. "काकू, हात लावून बघा, थंडगार असते," तो म्हणाला. नाही लावला. अजूनही लावणार नाही. मला सर्पमित्र व्हायचे नाही, कुत्रा फिरवायचा आहे.

एक गोष्ट मात्र मी ठरवून टाकली, की ओळखण्याच्या भानगडीत पडायचे नाही. बिनविषारी कवड्या आणि कांडर यांत भले भले फसतात. कवड्याचे पांढरे पट्टे मानेकडे ठळक, कांडरीचे शेपटीकडे, असे म्हणतात, पण ते बघायला वाकायचे कशाला? कुठलाही असो, दहा पावले मागे.

दोरी आखूड केली, दोन हातांची. गमबूट घेतले, वाडीतली पोरे मला 'मिलिटरी आजी' म्हणतात. अंधार असेल तर बॅटरी, आणि हातात आयनाची काठी. काठी आपटत चाला म्हणजे साप निघून जातो, असे सगळे सांगतात. ते अर्धे खरे आहे. सापाला बाहेरचा कान नसतो, जमिनीची थरथर त्याला छान कळते, आणि धामण, नाग बहुधा आधीच वाट सोडतात. पण घोणस आणि फुरसे हलत नाहीत. ती पातेऱ्यात, दगडात आहेत तिथेच पडून राहतात, आपण दिसणार नाही या भरवशावर. म्हणून काठीपेक्षा डोळे महत्त्वाचे. आडव्या ओंडक्यापलीकडे न बघता पाय टाकायचा नाही. कुत्र्याचे भांडे रात्री बाहेर ठेवायचे नाही, त्या शितांना उंदीर येतात आणि उंदरामागून हे येतात.

काळूलाही शिकवले. खळ्यात रबरी नळी टाकायची, तो हुंगायला निघाला की "मागे!" म्हणायचे, आणि माझ्याकडे वळला की सुक्या बांगड्याचा तुकडा. तीन आठवड्यांत जमले. बांगड्यासाठी तो काय वाटेल ते शिकेल.

मग तालुक्याला जाऊन गुरांच्या डॉक्टरांना भेटले. त्यांच्याकडून कळले की कुत्र्यालाही तीच लस देतात जी माणसाला. ती नाग, मण्यार, घोणस आणि फुरसे या चौघांवर चालते. मात्रा शरीराच्या वजनावर नसते, विष किती गेले त्यावर असते, म्हणून लहान मुलालाही मोठ्या माणसाइतकीच लागते. आपल्या आरोग्य केंद्रात लस आहे का, रात्री कोण असते, हे विचारून नंबर भिंतीवर लिहून ठेवला. तुमच्यापैकी जे गावी घरे बांधताहेत त्यांनी रंगाआधी हे करा. आवळून बांधायचे नाही, ब्लेड मारायचे नाही, चोखायचे नाही, हात-पाय हलू द्यायचा नाही आणि १०८ला फोन. मांत्रिकाबद्दल मी बोलत नाही, मगाशी बोलून झाले आहे. आपल्या देशात २००० ते २०१९ या काळात सर्पदंशाने वर्षाला सरासरी ५८ हजार माणसे गेली, त्यांतली निम्मी जून ते सप्टेंबरमध्ये. जमिनीवर झोपणाऱ्याला नीट खोचलेली मच्छरदाणी वाचवते. आमच्या पडवीत त्या वेळी ती नव्हती. कोणाकडेच नव्हती.

गेल्या सप्टेंबरची गोष्ट. पाऊस उघडला होता, सकाळचे ऊन पडले होते. वळणापुढे काळू एकाएकी थांबला. भुंकला नाही. पाठीवरचे केस उभे. मी बघितले तर नुसता पातेरा. मग आवाज आला, कुकरची शिटी वर येण्याआधी वाफ निघते ना, तसा, पण थांबतच नाही असा. चार हातांवर घोणस वेटोळे घालून होती. अंगावरच्या साखळीसारख्या खुणा मला दिसल्या, म्हणजे मी बघत होते, डोळे मिटले नव्हते. "मागे," म्हटले. आवाज माझा मलाच ऐकू आला नाही, पण काळू वळला. दोघे पावलापावलाने मागे आलो, पंधरा पावले. मग पाय असे लटपटले की बसावे वाटले, पण गडग्यावर बसायचे तर आधी गडगा तपासायला हवा! तेव्हा उभीच राहिले. काळूने माझ्या खिशाला नाक लावले. बांगडा त्याचा हक्काचा होता.

धडधड थांबायला किती वेळ गेला सांगता येत नाही. मग आम्ही दुसऱ्या बाजूने, वरच्या काजूतून, सड्यावर गेलो. तिथे ह्यांचा बसायचा कातळ आहे, तो तपासून बसले. त्या दिवशी घरी यायला नऊ वाजले, आणि काकी बेड्यात उभ्या, "बाय, गेलीस कुठे?"

मुलगा अजून पुण्याला ये म्हणतो. मी त्याला म्हटले, गणपतीला तू ये, आणि येताना चांगली बॅटरी आण, इथे मिळतात त्या दोन महिन्यांत बिघडतात.

बाई घड्याळाकडे बघताहेत. आठवीत बघायच्या तशाच. बसते मी.