अण्णांची जागा

कीर्तनात आम्ही दोन तास बोलतो, आज घरचं सांगायचं आहे म्हणून थोडक्यात सांगतो.

आपल्या दिंडीत नाथांची एक गवळण म्हणताना दुसऱ्या चरणात मध्येच थांबतात. टाळ तसेच उचललेले राहतात, पखवाजवाले बुवा हात धरून वाट बघतात, मग पुढचा शब्द येतो. नव्या माणसाला वाटतं, म्हणणारा विसरला. ती जागा आमच्या थोरल्या बंधूंची, अण्णांची.

1972 च्या दुष्काळात सगळं गाव खडी फोडायला होतं. आम्ही पोरवयाचे, चौथी झाली अन् शाळा तिथंच संपली. अण्णा हातोडा मारता मारता गवळण म्हणायचे. चरणाच्या मध्यावर घाव बसायचा, दम तुटायचा, शब्द अडायचा. पुढं पाऊस झाला, मिलो ज्वारी अन् सुकडी सुटली, खडीही सुटली. चालीतला घाव मात्र राहिला. वारीतसुद्धा अण्णा तिथं थांबायचेच.

मग एका रात्री उसाला पाणी धरताना त्यांना पान लागलं. तिशीही पुरी नव्हती. फोटो एकच, तोही गर्दीतला, तोंड नीट दिसत नाही. आवाज कुठं भरून ठेवलेला नाही.

ज्ञानोबारायांचा वियोग नामदेवरायांनी समाधीच्या अभंगांत ठेवला. सातशे वर्षं झाली, तरी कार्तिक वद्य त्रयोदशीला आळंदीत ऐकणाऱ्याच्या डोळ्याला पाणी येतं. आपण कुठं तेवढे? आमच्याजवळ अण्णांची एवढीशी जागा आहे.

दोन वर्षांमागं गाणं शिकून आलेल्या पोरांनी चाल सरळ केली. तालाच्या हिशोबानं त्यांचं बरोबरच होतं. वहिनींचे गुडघे गेल्यापासून त्या घरीच असतात. गवळणींच्या वेळी पुतण्या मोबाईल लावून धरतो, त्या तिकडं ऐकतात. त्या दिवशी गवळण संपली तशा म्हणाल्या, "भावजी, आज ह्यांची जागा सोडली पोरांनी."

लोणंदच्या मुक्कामी आम्ही पोरांना समोर बसवलं, दोन दगड घेतले आणि एकावर एक मारत गवळण म्हटली. पाचव्या-सहाव्या खेपेला पखवाजवाल्या पोराला बरोबर सापडली.