ग्रंथपालाचे मानधन आणि संगणकाचे टेबल



वैतरणा नदी समुद्राला मिळते तेथे, तिच्या उत्तरेच्या काठावर दातिवरे वसले आहे. आगगाडी सफाळ्याला सोडून पुढे रस्त्याने किनारा गाठावा लागतो. अशा मच्छीमार गावातील सार्वजनिक ग्रंथालयाच्या टेबलावर संगणक येऊन बसला, की त्याचे करायचे काय, हा प्रश्न वरवर पाहता तांत्रिक वाटतो. वस्तुतः तो प्रथम पैशाचा आणि माणसाचा प्रश्न आहे, आणि त्यानंतर मालकीचा.

ग्रंथालयाचा कायदा करण्याचा पहिला मान या देशात कोल्हापूर संस्थानाने 1945 साली मिळविला. महाराष्ट्राचा कायदा 1967 चा. त्याने ग्रंथालय संचालनालय दिले, अनुदानाची पद्धत दिली. मात्र मद्रासच्या 1948 च्या कायद्याप्रमाणे ग्रंथालयासाठी स्वतंत्र उपकर बसविला नाही. ग्रंथालये स्वयंसेवी संस्थांनी चालवावीत, सरकारने त्यांना हातभार लावावा, अशी ही रचना आहे. तिच्यामागे लोकांच्या उपक्रमशीलतेवरचा विश्वास होता हे नाकारता येत नाही. परंतु त्या विश्वासाच्या आड सरकारची कंजुषीही सुखाने नांदत आली आहे.

आकडेच पाहावेत. ग्रंथालयांचे अ, ब, क, ड असे वर्ग आहेत आणि खेड्यातील बहुतेक लहान वाचनालये शेवटच्या पायरीवर उभी आहेत. ‘ड’ वर्गाचे वार्षिक अनुदान 30,000 रुपये होते. अलीकडच्या 60 टक्के वाढीने ते 48,000 झाले. यातील निम्मा भाग वेतनासाठी. म्हणजे वर्षाला 24,000, महिन्याला 2,000 रुपये. रोजगार हमीच्या कामावर 2025-26 साली आठवडाभर राबणाऱ्या मजुराला जवळजवळ एवढीच रक्कम मिळत होती. मजुराला ती पुढच्या आठवड्यात पुन्हा मिळण्याची आशा तरी असते. ग्रंथपालाला मात्र तीवर महिना काढायचा आहे, आणि वाढ झाली म्हणून सरकारचे आभारही मानायचे आहेत!

या परिस्थितीत यंत्र येते. राजा राममोहन रॉय ग्रंथालय प्रतिष्ठानाच्या योजनांतून पुस्तके, फर्निचर, संगणक, ‘ज्ञान कोपरा’ यांसाठी साहाय्य मिळू शकते, आणि ते मिळवलेच पाहिजे. मात्र यंत्राला पैसे एकदाच लागतात हा समज किनाऱ्यावर फार काळ टिकत नाही. खारी हवा लोखंड खाते, तशी ती यंत्राचे भागही खाते. वीज जाते, इंटरनेटचे मासिक देयक येते, दुरुस्त करणारा मनुष्य दूरच्या शहरातून यावा लागतो. हा सारा खर्च उरलेल्या 24,000 मधून करायचा. त्यातच पुस्तके, वर्तमानपत्रे आणि नियतकालिके बसवायची. तेव्हा संगणक घेताना कार्यकारिणीने पहिला ठराव मानधनाचा केला पाहिजे. ग्रामपंचायतीने व लोकवर्गणीने ग्रंथपालाच्या मानधनात भर घातल्यावाचून यंत्राची पेटी उघडू नये, असे म्हटले तर ते यंत्रविरोधाचे लक्षण ठरू नये. कुलूप उघडणारा मनुष्यच नसेल, तर आत संगणक आहे की पेटारा, याने काय फरक पडतो?

दुसरा प्रश्न मालकीचा. नोंदणी व देवघेव यांसाठी कोणती प्रणाली वापरावी? विक्रेता येतो, बंदिस्त प्रणाली बसवून देतो आणि वर्षावर्षाला शुल्क मागतो. शुल्क थकले की गावाचीच पुस्तकयादी गावाला परकी होते. याला पर्याय आहेत. राष्ट्रीय सूचना विज्ञान केंद्राने तयार केलेली ‘ई-ग्रंथालय’ ही शासकीय प्रणाली आहे. दुसरी ‘कोहा’, तिचा इतिहास कार्यकर्त्यांनी मुद्दाम समजून घ्यावा असा आहे. न्यूझीलंडमधील होरोव्हेनुआ या ग्रामीण भागातील ग्रंथालयांची जुनी प्रणाली सन 2000 उजाडताच कोलमडणार होती. त्या लहान संस्थेने नवी प्रणाली लिहवून घेतली, जानेवारी 2000 मध्ये ती सुरू केली आणि जगाला मुक्तपणे देऊन टाकली. ‘कोहा’ या माओरी शब्दाचा अर्थच भेट असा आहे. पुढे एका अमेरिकी कंपनीने त्या नावावरच व्यापारचिन्हाचा हक्क सांगितला, तेव्हा याच खेड्यातील संस्थेला जगभरच्या वापरकर्त्यांच्या साहाय्याने तो दावा परतवावा लागला. सार्वजनिक म्हणून निर्माण केलेली वस्तू आपोआप सार्वजनिक राहत नाही, हे शेतजमिनीपुरतेच खरे नाही.

मराठीची अडचण आणखी निराळी. अनेक ठिकाणी यादी जुन्या फाँटमध्ये टंकलेली आहे. यंत्र बदलले की तिच्या जागी निरर्थक चिन्हे उमटतात. यादी युनिकोडमध्येच असली पाहिजे, हा आग्रह त्यासाठी धरायचा. तेवढ्यानेही भागत नाही. गावाचेच नाव घ्यावे. ‘दातिवऱ्याचा’ हा शब्द एकाने अर्ध्या ऱ्याने लिहिला आणि दुसऱ्याने ‘दातिवर्याचा’ असा रफाराने टंकला, तर यंत्राच्या लेखी ते दोन भिन्न शब्द होतात. एक शोधला तर दुसरा सापडत नाही. रोमन लिपीत ‘व’ साठी दोन अक्षरे चालतात, तेथे गोंधळ आणखी वाढतो. जुना ग्रंथपाल ‘तुम्हाला हेच पाहिजे होते ना?’ म्हणून फळीवरून पुस्तक काढून देई. ते ज्ञान यंत्रात भरायचे तर शुद्धलेखन जाणणारा, गाव जाणणारा मनुष्य महिनोन् महिने बसला पाहिजे. म्हणजे प्रश्न फिरून मानधनापाशीच येतो.

मग हा खटाटोप करावाच कशाला? मुलांच्या हाती मोबाइल आहेच, असा सवाल प्रतिष्ठित मंडळी करतात. याला उत्तर याच जिल्ह्याने दिले आहे. वाढवण बंदराची जनसुनावणी जानेवारी 2024 मध्ये पालघरला झाली. असल्या प्रकल्पाचा पर्यावरण अहवाल म्हणजे इंग्रजीतील जाडजूड ग्रंथच. 2006 च्या अधिसूचनेप्रमाणे सारांश स्थानिक भाषेत द्यावा लागतो. पण वाद नेमका उद्भवतो तो सारांशात न आलेल्या तक्त्यांवरून. हाताच्या पंजाएवढ्या पडद्यावर ते तक्ते वाचून पाहावेत! वाढवण दातिवऱ्याहून बरेच उत्तरेला असले तरी समुद्र एकच आहे. अहवाल मोठ्या पडद्यावर उघडणारा, हवी ती पाने छापून देणारा आणि चार जणांना एकत्र बसून अर्थ लावू देणारा सार्वजनिक कोपरा गावात असणे, ही चैन नव्हे. समर्थक असो वा विरोधक, कागद वाचून बोलला तर अधिकाऱ्याला त्याचे ऐकावे लागते. हैदराबादच्या सागरी माहिती केंद्राकडून मिळणारी संभाव्य मत्स्यक्षेत्रांची सूचना रोज फलकावर लावणे, हे त्याच कोपऱ्याचे साधे काम.

दुर्मीळ ग्रंथांचेही तसेच. दातिवरे 2014 पर्यंत ज्या ठाणे जिल्ह्यात होते, तेथील 1893 साली स्थापन झालेल्या मराठी ग्रंथसंग्रहालयाने आपली जुनी पुस्तके संगणकावर आणून वाचकांना खुली केली आहेत. ठाण्याला न जाता ती किनाऱ्यावर वाचता येतात; वाचता येतात हे सांगणारा कोणी असला तर.

ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी 1945 साली बोर्डीला बालशिक्षणाचे काम सुरू केले. पुढे ते कोसबाडला गेले. आदिवासी मुले शाळेत येत नाहीत म्हणून त्यांनी अंगणवाडी पाड्यावर नेली आणि गुरे राखणाऱ्यांसाठी कुरणशाळा भरविली. ग्रंथपालालाही पेटी घेऊन पाड्यावर आणि बंदरावर जावे लागेल. संगणकाने त्याचे नोंदवहीतील तास वाचविले तर ते तास यासाठीच खर्ची पडावेत. जून आणि जुलै हे मासेमारीबंदीचे महिने, तेव्हा होड्या किनाऱ्यावर ओढलेल्या असतात आणि माणसे घरी असतात. नेमक्या याच दिवसांत वीज वारंवार जाते. तेव्हा पुस्तकयादीची एक छापील प्रत मे महिन्यातच काढून टेबलाच्या खणात ठेवावी.