तिथी पाहून घ्यायचा तास



चांगला खेळाडू निवडला की शारीरिक शिक्षणाचा चांगला शिक्षक मिळतो, असं आपण धरून चालतो. बी.पी.एड.च्या प्रवेशासाठी मैदानी चाचणी असते, आणि ती असावीच. पण शर्यतीत कायम पहिल्या आलेल्या मुलाला शेवटून पहिल्या येणाऱ्याचं मन कधी वाचावं लागलेलं नसतं. शाळेत मात्र त्याच्यासमोर येतो तो अख्खा वर्ग. त्यात दम लागणारी मुलं असतात, अंगाला लाजणाऱ्या मुली असतात, पोटदुखीचं कारण सांगून कडेला बसणारेही असतात. त्यांना मैदानात आणणं हे पीटीच्या सरांचं खरं काम.

या कामासाठी माणसं तयार करण्याचा जुना वारसा आपल्या मुंबईच्या उपनगरांना आहे. १९३७ साली मुंबई इलाख्यात बाळासाहेब खेर यांचं मंत्रिमंडळ आलं. शारीरिक शिक्षणाचा विचार करायला समिती नेमली गेली. तिचे अध्यक्ष होते लोणावळ्याच्या कैवल्यधामचे स्वामी कुवलयानंद. १९३८ मध्ये कांदिवलीला सरकारी प्रशिक्षण संस्था सुरू झाली. कुवलयानंदांची तालीम बडोद्याला राजरत्न माणिकरावांच्या हाताखाली झालेली. पुढे योगक्रियांचा शरीरावर होणारा परिणाम त्यांनी क्ष-किरणांच्या साहाय्यानं तपासला. आखाड्यातली मेहनत आणि प्रयोगशाळेतली चिकित्सा अशी एकाच माणसात एकत्र आली, हे मला फार मोलाचं वाटतं.

ती चिकित्सा आजच्या अभ्यासक्रमात आहे. शरीररचना, क्रीडा मानसशास्त्र, योग, पंचगिरी, सगळं आहे. २०१४ च्या नियमांनी एका वर्षाचा बी.पी.एड. दोन वर्षांचा झाला. पण सराव पाठ बहुतेकदा फक्कीनं नीट आखलेल्या मैदानावर, आटोपशीर गटासमोर होतात, आणि पाठ टाचण व शिट्टी बघून गुण मिळतात. नोकरी लागते ती फरशीच्या चौकात.

आमचं वर्सोवा घ्या. यारी रोड, सात बंगला या दाट वस्तीत मोकळी जागा म्हणजे किनारा. पण हे मैदान वेळापत्रक पाळत नाही. भरतीची वेळ रोज सुमारे ५० मिनिटं पुढे सरकते. म्हणजे या सोमवारी सकाळी जिथे लंगडीचा डाव रंगला, तिथे पुढच्या सोमवारी त्याच वेळी पाणी असतं. कोळीवाड्यातल्या जाणत्यांचा हिशेब सोपा आहे: तिथीची पाऊणपट करा, भरतीची वेळ मिळते. तृतीयेला सव्वादोनच्या सुमारास भरती, म्हणून सकाळी आठच्या आसपास ओहोटी आणि भरपूर ओली, घट्ट वाळू. एकादशीला सव्वाआठलाच भरती, तेव्हा त्या दिवशी शाळेच्या चौकातच सूर्यनमस्कार आणि तोलाचे खेळ. पावसाळ्यात तर किनाऱ्याचा विचारच नको.

हा हिशेब वर्गातल्या एखाद्या कोळ्याच्या मुलाला घरूनच ठाऊक असतो. प्रशिक्षणार्थी शिक्षकानं तो त्याच्याकडून शिकावा, फळ्यावर महिन्याचं कोष्टक त्यालाच मांडायला सांगावं. खेळात मागे राहणारा असाच एखादा मुलगा त्या दिवशी वर्गाचा जाणकार होतो. मग त्याला खेळात ओढणं सोपं जातं. वाळूत काचा आहेत का हे आधी चालून पाहणं, पाण्यापासूनची हद्द दोरीनं आखणं, मुलं मोजून नेणं आणि मोजूनच परत आणणं, हेही पाठाचाच भाग आहे. यालाही गुण हवेत.

शिक्षण हक्क कायद्यानं २००९ मध्ये शाळेला क्रीडांगण आवश्यक ठरवलं. सहावी ते आठवीत शंभरावर मुलं असतील तर आरोग्य व शारीरिक शिक्षणासाठी अंशकालीन निदेशक नेमायला सांगितलं. अंशकालीन! गणितासाठी असा शब्द कुणी सहन केला असता का?

विद्यापीठाकडे माझं मागणं एवढंच आहे: प्रत्येक प्रशिक्षणार्थ्याला एक पूर्ण सत्र एकाच शाळेत द्या, आणि ती शाळा मैदान नसलेली असू द्या. परीक्षकांनी त्याच्या पाठाच्या वेळी घड्याळ लावून कडेच्या मुलांकडे पाहावं. तासातली किती मिनिटं ती मुलं हलली, त्याची नोंद करावी आणि गुण त्यावर द्यावेत.