एक किलोचं बाळ आणि एक थेंब

(परभणी येथील वसंत व्याख्यानमालेतील व्याख्यानाचे शब्दांकन)

धोत्रा ओळखत नाही असा माणूस या मंडपात सापडायचा नाही. बांधावर, उकिरड्यावर कुठंही उगवतो. पांढरं भोंग्यासारखं फूल, काटेरी बोंड. खेळता खेळता लेकरानं त्याचं बी चावलं तर काय होतं, हे जुन्या बायांना पाठ आहे. तोंडाला कोरड पडते, अंग तापतं, लेकरू बरळतं, पोट फुगतं आणि डोळ्यांच्या बाहुल्या मोठ्या होतात.

डोळ्याचा पडदा तपासण्याआधी बाहुली मोठी करायला जे थेंब टाकतात, त्यातलं ट्रॉपिकामाइड याच वाटेनं काम करतं. धोत्र्यापेक्षा खूप सौम्य, काही तासांत उतरणारं, पण जात तीच. त्याच्या जोडीला असतं फिनाइलेफ्रिन. ते रक्तवाहिन्या आवळतं आणि रक्तदाब चढवतं. तुम्हाआम्हाला या थेंबांनी चार-सहा तास ऊन सोसत नाही, पेपर वाचता येत नाही, बाकी काही नाही. पण हेच थेंब सातव्या महिन्यात झालेल्या, पेटीत ठेवलेल्या बाळाच्या डोळ्यात पडतात तेव्हा गणित बदलतं.

हे गणित करूनच पाहू. आपल्याकडच्या मोठ्यांच्या बाटलीत बहुधा फिनाइलेफ्रिन ५ टक्के असतं. म्हणजे एका मिलिलिटरात ५० मिलिग्रॅम. मोठ्या थेंबाचे वीस झाले की एक मिलिलिटर होतो, म्हणजे एका थेंबात अडीच मिलिग्रॅम. शस्त्रक्रियेत मोठ्या माणसाचा रक्तदाब उतरला, तर भूलतज्ज्ञ हेच औषध शिरेतून एका वेळी साधारण ०.१ मिलिग्रॅम देतात. थेंबातलं सगळं औषध रक्तात जात नाही, हे खरं. पण बाळाच्या डोळ्यात थेंब पुरता मावतच नाही. उरलेला गालावर ओघळतो, नाहीतर डोळ्याच्या कोपऱ्यातल्या नळीनं नाकात उतरतो आणि तिथून थेट रक्तात भिनतो. दोन डोळे, प्रत्येकात दोन-तीन वेळा, आणि वजन एक किलो.

मग काय दिसतं? पापणीभोवतीची कातडी पांढरीफटक पडते, जणू कुणी चुन्याचं बोट फिरवलंय. ही खूण सगळ्यांत आधी दिसते आणि सहसा आपोआप जाते. काही बाळांचे ठोके वाढतात, काहींचे मंदावतात. कधी श्वास काही सेकंद थांबतो. आणि पोट! धोत्र्यासारखंच ट्रॉपिकामाइड आतड्याची हालचाल मंद करतं. पोट फुगतं, पाजलेलं दूध पचत नाही, उलटी होते. क्वचित आतड्याला गंभीर सूज आल्याच्याही नोंदी आहेत. मात्र प्रत्येक दोष थेंबांच्या माथी मारू नये. तपासताना पापण्या फाकवतात, डोळा दाबतात. त्या वेदनेनं, त्या दाबानंही ठोके मंदावतात.

यावर कुणी म्हणेल, मग तपासणीच नको. नाही, मंडळी. कमी दिवसांच्या बाळाच्या पडद्यावरच्या रक्तवाहिन्या अर्धवट वाढलेल्या असतात. त्या वेड्यावाकड्या वाढल्या तर पडदा सुटतो आणि बाळ कायमचं आंधळं होतं. १९४२ मध्ये बोस्टनचे नेत्रतज्ज्ञ टेरी यांनी या आजाराचं वर्णन केलं. म्हणून आपल्याकडे जन्माचं वजन २००० ग्रॅमपेक्षा कमी किंवा जन्म ३४ आठवड्यांआधीचा असेल, तर तीस दिवसांच्या आत डोळे तपासायचे. त्याहून नाजूक बाळांचे दोन-तीन आठवड्यांतच. १९९६ मध्ये तमिळनाडूत १२५० ग्रॅमची एक मुलगी जन्मली. तिची ही तपासणी झाली नाही, दृष्टी गेली. २०१५ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं सुमारे १ कोटी ८० लाखांची भरपाई द्यायला लावली. भरपाई मिळाली, डोळे मिळाले नाहीत.

म्हणून थेंब टाकायचेच, पण औषध समजून. "थेंबच तर हाय," असं आजी म्हणते. तिचं मी समजू शकतो. आपण डॉक्टर-परिचारिकाही तसंच म्हणतो, तिथं माझा जीव तुटतो. सलाइनचा थेंबन्‌थेंब केसपेपरवर लिहिणारे आपण, डोळ्यातले थेंब किती टाकले, किती वाजता टाकले, हे लिहीत नाही.

फिनाइलेफ्रिन अडीच टक्क्यांहून जास्त नको. मोठ्यांचं औषध वापरायचंच, तर निर्जंतुक रीतीनं निम्मं पातळ करून. थेंब लहान हवा. ओघळलेला लगेच कापसानं टिपायचा आणि डोळ्याचा नाकाकडचा कोपरा मिनिटभर हलक्या बोटानं दाबून धरायचा. तपासणीच्या तोंडावर दूध पाजायचं नाही. ठोके आणि ऑक्सिजन दाखवणारं यंत्र लावलेलं असावं.

आणि एक चूक तर होऊच नये. बाहुली उघडत नाही म्हणून थेंबांवर थेंब ओतायचे नाहीत. आपले डोळे काळे-तपकिरी, त्यांत औषध सावकाश चढतं, थोडा धीर धरावा. तरीही बाहुली हटून बसली, तर तीच आजार बळावल्याची खूण असू शकते. तिथं बाटली खाली ठेवून अनुभवी डॉक्टरला दाखवायचं.

आता आपल्या जिल्ह्याचं. घरी सोडलेलं दीड किलोचं लेकरू फेरतपासणीला जिंतूरहून, पालमहून, सोनपेठहून आई एसटीनं घेऊन येते. ऊसतोडीवरून आलेली असेल तर मुकादमाला सांगून एका दिवसाची सुट्टी काढलेली असते. तपासणी संपते, दुपारची गाडी गाठायची असते. रस्त्यात बाळाचा श्वास थांबला तर कंडक्टरनं काय करावं? माझी मागणी एवढीच आहे: अशा आईला त्याच दिवशी घाईनं वाटेला लावू नका. तपासणी कक्षाशेजारी एक खाट द्या. निदान दोन वेळा दूध पाजून होऊ द्या, ते पचू द्या, पोटावर हात ठेवून पाहा. तिला सांगा, उद्या या वेळेपर्यंत पोट टणक लागलं, उलटी झाली, लेकरू मलूल पडलं, तर तडक परत ये. आणि फोन नंबर कागदावर लिहून तिच्या हातात द्या.