लुगडं, चीवर आणि स्वाभिमान

(विहाराच्या वर्धापनदिनी भडगाव येथे केलेले भाषण)



मी गिरणी कामगार. उभं आयुष्य सुतात गेलं. म्हणून आज कपड्याच्या इतिहासावर दोन शब्द बोलतो.

लुगडं, धोतर, उपरणं, पागोटं ही आपली जुनी वस्त्रे, सगळी बिनशिवलेली. पण शेजारच्या अजिंठ्याची चित्रे बघा. राजाच्या कमरेला झिरझिरीत वस्त्र आहे, तर कुणाच्या अंगात शिवलेला अंगरखा आणि डोक्याला टोपी आहे. म्हणजे दीड हजार वर्षांपूर्वीही शिवलेले कपडे होतेच. पेहराव हा बदलतच आलेला आहे.

मात्र कोणी काय घालावं, हे या देशात जातीनं ठरवलं. मनुस्मृतीच्या दहाव्या अध्यायात नियमच आहे की, चांडाळाने प्रेतावरची वस्त्रे वापरावीत, दागिने लोखंडाचे घालावेत. कापड विणण्यातही तेच. मुंबईच्या गिरण्यांत धोट्याचा दोरा तोंडानं ओढावा लागे. विटाळ होईल म्हणून आपल्या माणसांना साच्यावर घेत नसत. जास्त पगार तिथंच! १९२८ च्या संपात बाबासाहेबांनी हा प्रश्न मांडला.

आता भिक्खूंचं चीवर बघा. उकिरड्यावरच्या, स्मशानातल्या चिंध्या आणायच्या, धुवायच्या, रंगवायच्या आणि जोडून शिवायच्या. मगधातली बांध घातलेली शेतं दाखवून भगवंतांनी आनंदाला त्याच नमुन्यावर चीवर बेतायला सांगितलं, असं विनयपिटकात आहे. म्हणजे चिंधी तीच. मनूनं ती अपमान म्हणून लादली. संघात ती शाक्य राजपुत्रानं आणि न्हावी उपालीनं सारख्याच मानानं पांघरली.

माता-भगिनींनो, २५ डिसेंबर १९२७ ला महाडला मनुस्मृती जाळली. त्याच परिषदेत बाबासाहेब स्त्रियांशी बोलले. तुमची लुगडं नेसण्याची तऱ्हा आणि अंगभर घातलेले कथलाचे, चांदीचे दागिने ही अस्पृश्यतेची खूण आहे, ती टाका, स्वच्छ राहा, असं त्यांनी सांगितलं. बायांनी लगेच लुगडी घोट्यापर्यंत नेसायला सुरुवात केली. चित्रे, टिपणीस यांच्या घरच्या बायांनी त्यांना मदत केली. कायदा नाही, सरकार नाही, फक्त निऱ्या बदलल्या आणि गुलामीची खूण पुसली! पुढे १४ ऑक्टोबर १९५६ ला नागपुरात लाखो लोक पांढरी वस्त्रे घालून धम्मात आले.

आज आपल्याला कसं नेसायचं ते कोणी बजावत नाही. पण लग्नाच्या बस्त्यासाठी आपणच व्याजानं पैसे काढतो. शालू पेटीत पडतो, हप्ते चालू राहतात आणि पोरीची शाळा सुटते. ही पण एक खूणच आहे, ती आपणच टाकायची. मंगल परिणय पांढऱ्या साध्या साडीत शोभतो. उरलेला पैसा पोरीच्या वह्या-पुस्तकांना लावा.

कपडा साधा असो, स्वच्छ असो. पण आपण निवडलेला असो. एवढं बोलून थांबतो.

नमो बुद्धाय! जयभीम!